घरच्या प्रवाळबागेत कलमे करताना

दिवाणखान्यात मासे पाळण्याची हौस कोल्हापूरकरांना नवी नाही. टीव्हीशेजारी गोल्डफिशची काचपेटी आणि तिच्यापुढे नाक टेकवून बसलेले नातवंड, हे आपल्याकडील अनेक घरांतले परिचित चित्र आहे. गेल्या काही वर्षांत या छंदाने पुढचे पाऊल टाकले असून, घाट उतरल्याशिवाय समुद्र न दिसणाऱ्या आपल्या शहरातही खाऱ्या पाण्याच्या टाकीत जिवंत प्रवाळ सांभाळणारी कुटुंबे आढळू लागली आहेत. हा छंद निश्चितच आनंद देणारा आहे. इंग्लंडमधील प्लिमथ येथील राष्ट्रीय सागरी मत्स्यालयात झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, टाकीतील सजीवसृष्टी शांतपणे पाहणाऱ्यांची हृदयगती आणि रक्तदाब काही प्रमाणात उतरल्याचे दिसून आले होते. रक्तदाबाच्या रुग्णाने अर्धा तास मोबाइलऐवजी माशांकडे पाहिले, तर कोणत्याही डॉक्टरला समाधानच वाटेल.

तथापि, पाहणे वेगळे आणि हात घालणे वेगळे. प्रवाळ वाढले की ते कापून, वेगळे करून त्यांची नवी रोपे तयार करण्याचा मोह प्रत्येक शौकिनाला होतो. या एका कृतीशी काही असे धोके जोडलेले आहेत, की ज्यांची कल्पना घरातील माणसांना नसते आणि पुष्कळदा डॉक्टरांनाही चटकन येत नाही. म्हणूनच या विषयाची कौटुंबिक आरोग्याच्या दृष्टीने ओळख करून घेणे आवश्यक आहे.

मृदू प्रवाळ म्हणजे काय?

प्रवाळ म्हटले की आपल्याला अंगठीतले पोवळे आठवते. प्रत्यक्षात प्रवाळ हा प्राणी आहे, वनस्पती नव्हे. जेलीफिश आणि समुद्रफूल हे त्याचे आप्त होत. कठीण प्रवाळ चुन्याचा सांगाडा रचतात आणि त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या बांधकामातून प्रवाळभिंती उभ्या राहतात. मृदू प्रवाळांना असा अखंड सांगाडा नसतो. त्यांचे शरीर मांसल, चामड्यासारखे किंवा मऊ असून त्यात चुन्याचे सूक्ष्म काटे विखुरलेले असतात. छत्रीच्या आकाराचा सार्कोफायटॉन, बोटांसारख्या फांद्यांचा सिन्युलारिया आणि मूठ उघडावी-मिटावी तशी हालचाल करणारा झेनिया ही त्यांची घरगुती टाकीतील नेहमीची उदाहरणे. त्यांच्या प्रत्येक सूक्ष्म जीवाला पिसासारख्या कडांचे आठ बाहू असतात. यांपैकी बहुतेकांच्या पेशींत एकपेशीय शैवाल वस्तीला असते. ते प्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देते. म्हणूनच या टाक्यांवर इतके प्रखर दिवे लावलेले असतात.

बाजारात याच गटात आणखी एक प्राणी विकला जातो, तो म्हणजे झोअँथिड. शर्टाच्या गुंड्या दाटीने मांडाव्यात तसे हे हिरवे, केशरी, जांभळे जीव दगडावर पसरतात. यांच्या चकतीभोवती आखूड, साध्या बाहूंच्या दोन ओळी असतात, त्यांना पिसासारख्या कडा नसतात. शास्त्रीयदृष्ट्या हे मृदू प्रवाळ नव्हेत, ते समुद्रफुलांच्या अधिक जवळचे आहेत. मात्र दुकानात दोन्ही एकाच रांगेत ठेवलेले असल्याने घेणाऱ्याला फरक कळत नाही. या लेखातील सर्वांत महत्त्वाचा इशारा याच झोअँथिडांविषयी, विशेषतः त्यांतील पालिथोआ या प्रजातीविषयी आहे.

कलमे कशी केली जातात?

गुलाबाची फांदी छाटून कुंडीत खोचली की तिला मुळे फुटतात. मृदू प्रवाळांचे पुनरुत्पादनही बरेचसे याच न्यायाने होते. निसर्गात लाटांनी तुटलेला तुकडा दुसऱ्या खडकावर चिकटून नवी वसाहत सुरू करतो. घरात हेच काम धारदार ब्लेड करते. छंदातील मंडळी अशा तुकड्याला ‘फ्रॅग’ म्हणतात.

कापायचा प्रवाळ निरोगी आणि टाकीत स्थिरावलेला असावा. टाकीचे तापमान साधारण २४ ते २६ अंश सेल्सिअस आणि क्षारता हजार भागांत ३५ भाग इतकी स्थिर असावी. कोल्हापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत खोलीचेच तापमान याहून बरेच अधिक असते, त्यामुळे हे काम थंडीत केलेले बरे. प्रवाळ टाकीतून बाहेर काढून, टाकीचेच पाणी घेतलेल्या पसरट भांड्यात ठेवावा. सार्कोफायटॉनच्या छत्रीचा तुकडा किंवा सिन्युलारियाची फांदी नव्या ब्लेडने एकाच सरळ कापात वेगळी करावी. कातडीवर चिकट स्राव सुटतो, तो स्वच्छ खाऱ्या पाण्यात हलकेच हलवून काढावा. स्रावामुळे या प्रवाळांवर गोंद नीट धरत नाही, म्हणून तुकडा लहान दगडावर ठेवून त्यावर सैल जाळी किंवा रबरबँड लावणे सोयीचे. एक ते तीन आठवड्यांत तो दगडाला धरतो. झेनियाला तर कापण्याचीही घाई नको. शेजारी मोकळा दगड ठेवला, की तो स्वतःच त्यावर सरकतो, मग मधला दुवा तेवढा तोडावा.

कापताना हे प्रवाळ टर्पिनॉइड वर्गातील रसायने पाण्यात सोडतात. शेजाऱ्याला दूर ठेवण्याचे हे त्यांचे शस्त्र आहे. त्यामुळे टाकीतील इतर जीव कोमेजू नयेत, यासाठी गाळणीत सक्रिय कोळसा ठेवावा आणि थोडे पाणी बदलावे.

इथवरचे काम बागकामासारखेच वाटते. पण गुलाबाचा काटा फार तर बोटाला टोचतो. समुद्रातील काही गुंड्यांचा रस मात्र संपूर्ण घराला अंथरुणावर पाडू शकतो.

पालिटॉक्सिन : एका विषाची कथा

हवाई बेटांपैकी माउई बेटावरील हाना परिसरात किनाऱ्यावरचे एक विशिष्ट डबके स्थानिक लोक निषिद्ध मानत असत. तेथील ‘मृत्यूचे शेवाळ’ भाल्याच्या टोकाला लावले की जखम प्राणघातक ठरते, अशी त्यांची परंपरागत माहिती होती. ते शेवाळ नसून झोअँथिड असल्याचे पुढे निष्पन्न झाले आणि मूर व शॉयर या संशोधकांनी त्यातून वेगळे केलेल्या विषाची माहिती १९७१ साली प्रसिद्ध केली. हेच पालिटॉक्सिन. निसर्गात सापडणाऱ्या, प्रथिन नसलेल्या विषांपैकी हे अत्यंत तीव्र विषांत गणले जाते. प्राण्यांमध्ये शिरेतून दिल्यास शरीराच्या किलोमागे एक मायक्रोग्रॅमहूनही कमी मात्रा प्राणघातक ठरते.

हे विष काम कसे करते, ते समजून घेण्यासारखे आहे. आपल्या प्रत्येक पेशीच्या आवरणात सोडियम बाहेर ढकलणारा आणि पोटॅशियम आत घेणारा एक पंप असतो. त्याच्या शोधासाठी येन्स स्कोऊ यांना १९९७ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. पालिटॉक्सिन या पंपाला चिकटते आणि त्याचे दार सताड उघडे ठेवते. बांधाला भगदाड पडावे तसे पोटॅशियम बाहेर वाहू लागते आणि सोडियम आत शिरते. स्नायू, हृदय, रक्तवाहिन्या, फुप्फुसे यांचे सारे काम या क्षारांच्या तोलावर चालत असल्याने परिणाम सर्वांगावर होतो.

हे विष मुख्यतः तीन वाटांनी शरीरात शिरते: हातावरील ओरखड्यातून, डोळ्यात उडालेल्या थेंबातून आणि श्वासावाटे. यांतील श्वासाची वाट सर्वांत फसवी आहे. नको असलेले झोअँथिड दगडावरून काढण्यासाठी काही जण त्यावर उकळते पाणी ओततात, दगड पातेल्यात उकळतात, ब्रशने घासतात किंवा जोरदार फवारा मारतात. पालिटॉक्सिन उकळल्याने नष्ट होत नाही. उलट वाफेबरोबर आणि तुषारांबरोबर ते घरभर पसरते आणि ज्यांनी टाकीला हातही लावलेला नाही अशी माणसे, लहान मुले आणि कुत्री-मांजरे आजारी पडतात.

ही केवळ भीती नव्हे. मार्च २०१८ मध्ये इंग्लंडमधील ऑक्सफर्डशायर परगण्यातील स्टिव्हन्टन गावात एका घरी टाकीतील प्रवाळ साफ करताना असा प्रकार घडला आणि कुटुंबीय व मदतीला धावलेले अग्निशामक दलाचे जवान मिळून दहा जणांना रुग्णालयात न्यावे लागले. अमेरिकेतील अलास्का राज्यात २०१२ ते २०१४ या काळात घरांत आणि मत्स्यालयाच्या दुकानांत घडलेल्या अशाच घटनांचा अहवाल तेथील रोग नियंत्रण केंद्राने २०१५ साली प्रसिद्ध केला. इटलीतील जिनोआ येथे २००५ च्या उन्हाळ्यात याच कुळातील विष तयार करणारे सूक्ष्म शैवाल समुद्रात माजले, तेव्हा केवळ किनाऱ्यावरची हवा श्वासात गेल्याने सुमारे दोनशे लोकांना वैद्यकीय मदत घ्यावी लागली.

सर्वच झोअँथिड इतके विषारी नसतात, हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेतील घरगुती टाक्या व दुकाने यांतून गोळा केलेल्या नमुन्यांच्या २०११ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत काही पालिथोआंमध्ये विषाचे प्रमाण फार मोठे, तर झोअँथस प्रजातीत अत्यल्प किंवा शून्य आढळले. पालिथोआ आपल्या अंगात वाळूचे कण सामावून घेतो, झोअँथस घेत नाही. तरीही नुसत्या नजरेने निर्णय करणे तज्ज्ञांनाही अवघड जाते. म्हणून घरात प्रत्येक झोअँथिड विषारीच आहे असे समजून वागणे, हेच शहाणपणाचे.

लक्षणे ओळखताना

विष श्वासावाटे गेल्यास काही मिनिटांपासून काही तासांत त्रास सुरू होतो. तोंडाला कडवट किंवा धातूसारखी चव येणे, खोकला, छातीत घट्टपणा, धाप, थंडी वाजून ताप, अंगदुखी, चक्कर, हातापायांना व ओठांभोवती मुंग्या, धडधड ही त्याची लक्षणे. जखमेतून विष गेल्यास त्या जागी सूज, लाली, बधिरता येते आणि स्नायू दुर्बल होतात. डोळ्यात गेल्यास तीव्र वेदना, लाली आणि बुबुळाला इजा होऊ शकते.

वाचकांच्या लक्षात येईल, की ताप, थंडी, अंगदुखी ही पावसाळ्यात आमच्या प्रत्येक दवाखान्यात रोज दिसणारी लक्षणे आहेत. डॉक्टरांच्या मनात फ्लू, डेंगी, हिवताप हेच प्रथम येणार. येथे निदानाची किल्ली रुग्णाच्याच हाती असते. घरातील दोन-तीन माणसे एकाच संध्याकाळी एकदम आजारी पडली आणि त्याच दिवशी टाकीतील दगड घासले किंवा प्रवाळ कापले होते, हे एक वाक्य सांगितले तर पुढचा सारा विचार बदलतो.

या विषावर उतारा उपलब्ध नाही, उपचार लक्षणांनुसार करावे लागतात. म्हणून वेळ महत्त्वाचा. सर्वांना तत्काळ घराबाहेर मोकळ्या हवेत आणावे आणि खिडक्या उघडण्यासाठीही पुन्हा आत जाऊ नये. विष अंगावर उडाले असल्यास कपडे बदलून त्वचा साबण व भरपूर पाण्याने धुवावी. डोळा वाहत्या स्वच्छ पाण्याखाली किमान पंधरा मिनिटे धरावा. श्वासाचा त्रास, छातीत दुखणे, अतिशय अशक्तपणा असल्यास १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. प्राणवायू, श्वासनलिका रुंदावणारी औषधे, हृदयाचा आलेख, रक्तातील पोटॅशियम आणि स्नायूंना इजा झाल्यास वाढणारे सीपीके हे विकर यांवर लक्ष ठेवण्याची सोय असलेल्या रुग्णालयातच अशा रुग्णाला न्यावे. दमा, हृदयविकार असलेले, गर्भवती आणि लहान मुले यांच्याबाबतीत ‘सकाळपर्यंत पाहू’ असे म्हणू नये.

बोटावरची न बरी होणारी गाठ

दुसरा धोका सावकाश चालत येतो. मायकोबॅक्टेरियम मरिनम हा जिवाणू १९२६ साली फिलाडेल्फिया येथील मत्स्यालयातील मेलेल्या माशांत प्रथम सापडला. क्षयाच्या जंतूचा हा दूरचा भाऊ. टाकीच्या पाण्यात तो असू शकतो आणि दगडाने किंवा ब्लेडने झालेल्या बारीकशा जखमेतून त्वचेत शिरतो. जखम बरी होते, विसरली जाते आणि दोन-तीन आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा, बोटावर किंवा मनगटावर तांबूस, न दुखणारी गाठ उठते. पुढे ती चिघळते, कधी हातावर वरच्या दिशेने गाठींची माळ तयार होते.

अशी गाठ चामखीळ, गजकर्ण किंवा ॲलर्जी समजून मलम चोळत राहण्याकडे आपला कल असतो. त्यात स्टेरॉइडचे मलम असेल तर संसर्ग आणखी फोफावतो. साध्या प्रतिजैविकांच्या पाच दिवसांच्या गोळ्यांना हा जंतू दाद देत नाही. तुकडा तपासणीत क्षयासारखेच जंतू दिसतात आणि क्षयरोग सर्वत्र आढळणाऱ्या आपल्या देशात रुग्णाला क्षयच झाला असे समजले जाण्याचा संभव असतो. हा जिवाणू शरीराच्या तापमानाऐवजी सुमारे ३० अंशांना चांगला वाढतो, म्हणून प्रयोगशाळेला तशी पूर्वसूचना द्यावी लागते. योग्य औषधे काही महिने घेतल्यावर तो पूर्ण बरा होतो. फक्त ‘माझ्या घरी माशांची टाकी आहे’ हे डॉक्टरांना सांगायला विसरू नये.

मधुमेही, यकृताचे विकार असलेले आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणारे यांनी उघड्या जखमेचा हात खाऱ्या पाण्यात मुळीच घालू नये. त्या पाण्यातील व्हिब्रिओ गटातील जिवाणूंचा संसर्ग अशा व्यक्तींत काही तासांत गंभीर रूप धारण करू शकतो. ओल्या जखमेसह ताप आला आणि लाली वेगाने पसरू लागली, तर थांबू नये. धनुर्वाताची लस वेळेवर घेतलेली असावी, हे वेगळे सांगायला नको.

काम करण्याची पथ्ये

कलमे करण्याची जागा स्वयंपाकघर नव्हे. बेसिन, पातेली, चाकू, कात्री यांतील कोणतीही वस्तू खाण्यापिण्याच्या कामातली नसावी. खेळती हवा असलेली गॅलरी किंवा गच्ची उत्तम. मुले, वृद्ध आणि पाळीव प्राणी त्या वेळी दूर असावेत. कोपरापर्यंतचे हातमोजे, चेहऱ्याला घट्ट बसणारा चष्मा आणि मास्क ही किमान तयारी होय. झोअँथिड शक्यतो कापूच नयेत. तो ज्या दगडावर आहे तो दगडच वेगळा करावा. कापणे अटळच असेल तर पाण्याखाली कापावे, म्हणजे रस उडत नाही. टाकीतील पाणी नळीने काढताना नळीला तोंड लावून ओढण्याची सवय तर आजच सोडावी.

वापरलेली हत्यारे, मोजे आणि उरलेले तुकडे कोरडे होऊ देऊ नयेत. बाजारातील पाच-सहा टक्के सोडियम हायपोक्लोराइटचे ब्लीच एक भाग आणि पाणी दहा भाग असे ताजे मिश्रण करून त्यात ते अर्धा तास बुडवून ठेवावेत. त्यामुळे पालिटॉक्सिन निकामी होते. मात्र या ब्लीचमध्ये संडास साफ करण्याचे ॲसिड किंवा व्हिनेगर कधीही मिसळू नये, कारण त्यातून क्लोरीन वायू सुटतो. ब्लीच जिवंत टाकीत जाणार नाही, याचीही काळजी घ्यावी.

तुकडे चिकटवण्याचा झटपट गोंद बोटांना चिकटल्यास ओढाताण करू नये. कोमट साबणपाण्यात हात बुडवून हळूहळू सोडवावे. खारे पाणी विजेचे उत्तम वाहक आहे. टाकीत हात घालण्यापूर्वी पंप, हीटर, दिवे यांची बटणे बंद करावीत आणि टाकीच्या विद्युतजोडणीला गळती होताच प्रवाह तोडणारे ईएलसीबी किंवा आरसीसीबी अवश्य बसवावे.

किनाऱ्यावर जाताना

दिवाळीच्या सुट्टीत आपण मालवण, रत्नागिरी गाठतो. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या आपल्या खडकाळ किनाऱ्यांवर झोअँथिडांचे गालिचे सहज दिसतात. पालिथोआही त्यांत असतो. ‘किती सुंदर!’ म्हणून मुलांनी ते नखांनी खरवडू नयेत आणि अनवाणी त्यांवर चालू नये. घरच्या टाकीसाठी ते काढून आणणे तर सर्वथा अयोग्य. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले असून, अभयारण्यातून कोणताही जीव परवानगीशिवाय नेता येत नाही. शिवाय कठीण प्रवाळ आणि समुद्रपंखे यांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून स्थान आहे. त्यांना वाघाइतकेच संरक्षण असून, भंग केल्यास तीन ते सात वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. प्रवाळ एका जागेवरून दुसरीकडे नेणे किती गांभीर्याने घेतले जाते, हे मुंबईत दिसले. सागरी किनारा रस्त्याच्या कामात येणाऱ्या वरळी व हाजी अली येथील अठरा प्रवाळ वसाहती २०२० च्या अखेरीस राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली, रीतसर परवानगी घेऊन हलवाव्या लागल्या.

खरे पाहता, मृदू प्रवाळांची घरी कलमे करण्याचा छंद याच कारणाने स्वागतार्ह आहे. एका घरातला सार्कोफायटॉन दहा घरांत गेला, तर समुद्रातून नऊ कमी काढले जातील. बागेतली रोपे शेजाऱ्याला देताना आपण ‘हिला सावली लागते’ असे आवर्जून सांगतो. प्रवाळाचा तुकडा देतानाही त्याचे नाव, तो झोअँथिड असल्यास विषाचा धोका आणि हातमोज्यांचे पथ्य हे तीन शब्द सोबत द्यावेत. घरातील प्रत्येकाला, अगदी कामाला येणाऱ्या मावशींनाही, टाकीतील कोणत्या दगडाला हात लावायचा नाही हे ठाऊक असावे. आणि दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपण होऊन सांगावे, ‘डॉक्टर, आमच्याकडे खाऱ्या पाण्याची टाकी आहे.’